रविवारचा डोस

माझ्या बायोडेटात ‘प्राणीगृह तंत्रज्ञ’ असं लिहिलं आहे. आमच्या लोहगडवाडीत त्याचा अर्थ ‘उंदीर राखायला असतो’ असा सांगतात, आणि वाडीचं म्हणणं जास्त खरं आहे.

प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालो तेव्हा घरच्यांना वाटलं होतं की पोरगा वनखात्यात लागेल, वाघ नाही तर निदान बिबट्याच्या तरी मागे हिंडेल. मला नोकरी लागली ती वडगावच्या बाजूला, हायवेपासून आत असलेल्या एका संशोधन संस्थेत. पांढऱ्या उंदरांच्या दोन खोल्या माझ्या ताब्यात आल्या. उंदरांना एसी होता. प्यायला गाळलेलं पाणी, खाली वाफेनं शेकलेला भुसा. दिवे बरोबर बारा तास चालू आणि बारा तास बंद, म्हणजे त्यांची झोपमोड नको. वाडीत वीज गेली की वायरमनच्या दोन दिवस विनवण्या कराव्या लागतात. उंदरांची वीज गेली की मिनिटभरात जनरेटर घुरघुरायला लागायचा.

पहिल्याच महिन्यात मी हे सगळं आईला कौतुकानं सांगितलं. गडाच्या पायथ्याला आमची टपरी आहे. भजी, चहा, ताक, सांगितलं तर पिठलं-भाकरी. आई भज्यांचं पीठ कालवत होती.

“आमी कणगीतल्या उंदराला मरायचं औषध घालतो,” ती म्हणाली, “आन् तू तितं जगायचं घालतोस. शिकून ह्येच करायचं व्हतं व्हय?”

“आये, मलेरियाचं औषध हाय ते. माणसासाठी.”

“मंग माणसाला द्या की.”

याचं खरं उत्तर असं, की माणसाला द्यायच्या आधी ते कुणाला तरी देऊन बघावं लागतं, आणि उंदरांची युनियन नसते. पण हे आईला सांगण्यात अर्थ नव्हता. तिनं पुढचा घाणा तेलात सोडला होता.

मलेरियाचं काम होतं ते पीएच.डी. करणाऱ्या एका मॅडमचं. त्या लोणावळ्याच्या, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठ्या. जन्मापासून लोणावळ्यात राहिलेल्या माणसाला जशी असते तशी त्यांना बारमाही सर्दी होती. एका हातात कायम रुमाल. आणि त्यांचा विषय काय, तर नाकातून औषध देणे. संस्थेतले लोक यावरून त्यांच्यामागे हसायचे, मीही हसायचो. एकदा त्यांनी ते ऐकलं आणि त्या स्वतःच हसल्या. म्हणाल्या, “ज्याचं जळतं त्यालाच कळतं.”

त्यांनी मला विषय समजावला तो चहाच्या कपाशेजारी पेन आपटत. मलेरिया डोक्यात चढला की लहान मूल बेशुद्ध पडतं. त्याला गोळी गिळता येत नाही, पाजलं तर उलटतं. इंजेक्शन द्यायला शिकलेला माणूस लागतो, आणि तो नेमका लांबच्या गावात असतो. पण नाक उघडं असतं. नाकाच्या आतली कातडी पातळ, तिथून औषध रक्तात जातं आणि मेंदूही जवळ. आई किंवा गावातली आशाताई कुणीही दोन थेंब सोडले आणि तेवढ्यावर मूल दवाखान्यापर्यंत तगलं, तरी पुष्कळ. त्यासाठी त्यांनी औषधाचं एक जेल बनवलं होतं. फ्रीजमध्ये ते पाण्यासारखं पातळ असायचं आणि नाकातल्या उबेनं घट्ट व्हायचं, म्हणजे वाहून न जाता आत चिकटून राहायचं.

उंदरांना होतो तो मलेरिया उंदरांचाच. तो माणसाला होत नाही. हे मी वाडीत इतक्यांदा सांगितलं आहे की आता झोपेतही सांगेन, तरी एक चुलती अजून माझ्या हातचा चहा घेत नाही.

थेंब सोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मॅडमना उंदीर धरता येत नव्हता. त्या घाबरायच्या नाहीत, पण त्यांना शिंक यायची आणि शिंक आली की उंदीर सुटायचा. माझा हात मात्र चांगला होता. हा गर्व नाही, त्या एका गोष्टीत तो खरोखरच चांगला होता. अंगठा आणि तर्जनीत मानेमागची सैल कातडी धरायची, शेपूट करंगळीखाली दाबायची आणि उंदीर उताणा करायचा. मग औषध ओढून घेतलेल्या बारीक नळीच्या टोकाला लोंबणारा थेंब नाकपुडीच्या तोंडाशी नुसता टेकवायचा. ढकलायचा नाही. उंदीर तोंडानं श्वास घेत नाही, त्यामुळे थेंब आत ओढून घेण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. तो ओढतो. आपण थांबायचं. त्याचा श्वास पुन्हा सरळ झाला की दुसरी नाकपुडी. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. मॅडम बघत बसायच्या आणि म्हणायच्या, “तू उंदरांचा ईएनटी आहेस.”

पहिला मोठा प्रयोग भाद्रपदात लागला. उंदरांना रोग दिलेला होता. शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस औषध द्यायचं होतं. एका पिंजऱ्यातल्या उंदरांना सुईनं, एका पिंजऱ्यातल्या पाचांना नाकातून, आणि तिसऱ्या पिंजऱ्याला नुसतंच बिनऔषधी जेल. मलेरियाला रविवारची सुट्टी नसते, त्यामुळे आम्हालाही नव्हती. पण त्या रविवारी मॅडमच्या घरी बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. सुईचं काम प्राणीगृहाचे प्रमुख, म्हणजे आमचे जनावरांचे डॉक्टर, सकाळीच उरकून गेले. नाकाचं काम माझ्यावर सोपवून मॅडम शनिवारी जाताना म्हणाल्या, “तू आहेस म्हणून मी निवांत जाते.”

रविवारी साडेदहाला मी जेलची कुपी फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवली आणि तेवढ्यात आईचा फोन आला.

“लय गर्दी हाय. तुजा मामा आला न्हाई. म्या भजी काडू का च्या वतू?”

“येतो की. कामच चाललंय.”

“कवा येतो? हितं मान्सं उबी हायेत.”

मग तिनं मामाबद्दल जे बोलायचं होतं ते बोलून घेतलं. मामाबद्दल बोलायला आईला वेळ लागतो. फोन ठेवला तेव्हा कुपी बाहेर राहून कोमट झाली होती. जेल नळीत ओढलं तर ते मधासारखं येत होतं. नियम असा, की ती कुपी टाकून द्यायची, दुसरी काढून बर्फात ठेवायची आणि मग एकेका उंदराजवळ थांबत नव्यानं सुरुवात करायची. त्यात अर्धा-पाऊण तास गेला असता. माझ्या डोळ्यांसमोर मळवलीपासून गाड्यांची लागलेली रांग होती.

मी तसंच उरकलं. थेंब पडतच नव्हता, मणी होऊन नाकाच्या शेंड्यावर बसत होता. उंदीर खाली सोडला की दोन्ही पंजांनी नाक पुसायचा. पाचही उंदरांनी पाहुण्यांसमोर बसल्यासारखी व्यवस्थित तोंडं पुसली. पाच मिनिटांत काम संपलं. वहीत लिहिलं: नाकातून, पाच उंदीर, डोस पूर्ण. खाली सही. माझी सही नेहमी गिचमिड असते. त्या दिवशी ती सुंदर आली होती.

मग भाजे गावाकडून गाडी काढत, गाड्यांच्या फटीतून वाट काढत वाडीला पोचलो आणि पाच वाजेपर्यंत भजी तळली. पुण्याच्या एका घोळक्यानं माझ्या भज्यांचे फोटो काढले. मला त्या दिवशी अजिबात वाईट वाटलं नव्हतं. हे लिहिताना थोडं सभ्य करून सांगावं असं वाटतंय, पण नव्हतं वाटलं.

सोमवारचा डोस मी मॅडमच्या देखत नीट दिला. मंगळवारी नाकवाल्या पिंजऱ्यात उंदरांचे केस पिंजारलेले दिसले. बुधवारी एक उंदीर एकाच बाजूला गोल गोल फिरत होता. मलेरिया डोक्यात गेला की ते तसे फिरतात, मग आडवे होतात. गुरुवार संपेपर्यंत त्या पाचांतले बहुतेक गेले. सुईवाले मात्र भुसा उकरत मजेत होते. मॅडमनी शेपटीतून घेतलेल्या रक्ताच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पुन्हा बघितल्या. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

“जेलच फसलं,” त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, “होतं असं मॅडम, पहिल्या वेळी.” आणि पिंजरे धुवायला निघून गेलो.

पुढचे तीन आठवडे त्या जेलच्या मागे लागल्या. कधी पातळ कर, कधी घट्ट कर, कधी ते बकरीच्या नाकाच्या कातडीवर लावून बघ. ही कातडी वडगावच्या खाटकाकडून मीच आणायचो. तो विचारायचा, “नुसतं नाकच? मटन न्हाई?” मी नुसतं नाक घेऊन यायचो आणि मॅडम त्यावर त्यांचं निर्दोष जेल लावत बसायच्या. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. त्यांच्या मार्गदर्शक सरांनी एकदा सगळ्यांच्या समोर विचारलं, “विषय बदलायचा का?” सर वर्षातून दोनदा प्राणीगृहात यायचे आणि दोन्ही वेळा गणपतीच्या वाहनाचा तोच विनोद करायचे. मला त्यांचा राग आला. मग मला आठवलं की आपल्याला रागावण्याचा हक्क नाही.

शेवटी मॅडमनी शोध घेण्याचा सरळ मार्ग काढला. औषधाऐवजी जेलमध्ये निळा रंग घालायचा, ते नाकातून द्यायचं, मग उंदीर मारून नाक उघडून बघायचं की रंग कुठवर जातो. द्यायचं मीच. त्या समोर बसल्या होत्या. मी कुपी बर्फात ठेवली, एकेक थेंब टेकवला, थांबलो, श्वास मोजला. आयुष्यात इतकं चांगलं काम मी केलं नव्हतं. नाक उघडलं तर आत शेवटपर्यंत निळंशार. बाहेर, मिशांवर, पंजांवर एक ठिपका नाही.

मॅडमनी चिमटा खाली ठेवला. मग नाक शिंकरून म्हणाल्या, “म्हणजे तुझा हात चुकतच नाही. दोष माझाच आहे.”

त्या संध्याकाळी मी टपरीवर आईला सगळं सांगितलं. गिऱ्हाईक नव्हतं, ती कढई घासत होती. तिला वाटलं होतं मी लग्नाबिग्नाचं काही काढतोय, त्यामुळे सुरुवातीला ती फार लक्ष देऊन ऐकत होती.

“उंदीर मेलं म्हून एवडं तोंड केलंस?”

“उंदरांचं न्हाई गं. त्या मॅडमला वाटतं त्यांचं चुकलं.”

तिनं कढई उपडी केली. “मंग सांगून टाक की. मेलेलं उंदीर काय परत येनार न्हाईत, पर ती पोरगी रोज तुज्या म्होरं येती.” थोड्या वेळानं म्हणाली, “आन् माजं नाव सांगू नको. फोन म्या केला, पर घाई तुज्या बुडाला व्हती.”

दुसऱ्या दिवशी सांगितलं ते कपडे बदलायच्या खोलीत. आत जाताना डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातमोजे असं सगळं चढवावं लागतं. मी मुद्दाम मास्क लावल्यावरच बोललो. उघड्या तोंडानं जमलं नसतं.

“मॅडम, त्या रविवारचा डोस गेलाच नव्हता.”

त्या हातमोजा चढवत होत्या. तो अर्धाच राहिला. “म्हणजे?”

“जेल घट्ट झालं होतं. नाकावरच राहिलं. उंदरांनी पुसून टाकलं. मी डोस पूर्ण म्हणून लिहिलं.”

“किती उंदरांचं?”

“पाचही.”

“आणि वहीत सही तुझी?”

“हो.”

त्यांना शिंक आली. मास्कच्या आत. मास्क बदलावा लागला, त्यात दोनेक मिनिटं गेली. ती दोन मिनिटं मला अजून आठवतात. मग त्या म्हणाल्या, “तीन आठवडे मी बकऱ्यांची नाकं चोळत बसले.”

“हो मॅडम.”

“तू आणून देत होतास.”

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी जरा सुटलो असतो. त्या आत गेल्या, वही काढली, माझ्या त्या सुंदर सहीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “चल डॉक्टरांकडे. तूच सांगायचं.”

डॉक्टरांनी मेमो दिला. मी पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पण पुढचा हुकूम होईपर्यंत औषधाच्या नळीला हात लावायचा नाही. तो प्रयोग रद्द झाला. नव्यानं करायचा तर नवे उंदीर लागणार, आणि नव्या उंदरांसाठी नीतिसमितीची परवानगी. आमच्याकडे माणसांना कामाला ठेवायला एक फोन पुरतो, पण पाच उंदीर जास्त हवे असतील तर समिती बसते. एरवी मी यावर विनोद करायचो. त्या वेळी समितीपुढे मलाच उभं केलं.

समितीत बाहेरचे एक सदस्य होते, जवळच्याच इंदुरी गावचे निवृत्त शाळामास्तर. बाकीचे कागद चाळत होते, ते एकटे माझ्याकडे बघत होते.

“घाई कसली होती?”

“घरच्या टपरीवर गर्दी होती.”

“भजी चांगली असतात का?”

“बरी असतात, गुरुजी.”

त्यांनी मान हलवली, जणू एका गणिताचं उत्तर जुळलं. मग मॅडमकडे वळून म्हणाले, “मला शास्त्र कळत नाही. पण त्या मुलाला आधीच सर्दी असली, नाक चोंदलेलं असलं, तर तुमचा थेंब जाणार कुठून?”

मॅडमच्या हातात रुमाल होता. त्या रुमालाकडे बघून आधी गुरुजींना हसू आलं, मग मॅडमना, आणि मग डॉक्टरांनीही कागदात तोंड घातलं. मॅडम म्हणाल्या, “माहीत नाही. बघावं लागेल.” त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. परवानगी मिळाली.

आता प्रश्न असा, की थेंब सोडायचा कोणी? मला बंदी, डॉक्टरांना वेळ नाही. उरल्या मॅडम. त्यांनी शिंकेवरची गोळी घेतली, ती घेतली की त्यांना झोप यायची, मग त्या कडक कॉफी प्यायच्या आणि कॉफीनं हात थरथरायचा. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून त्यांच्या बाजूला उभा राहायचो आणि तोंडानं शिकवायचो.

“मान सोडू नका. शेपूट करंगळीखाली. आता टेकवा. ढकलू नका मॅडम, टेकवा.”

“टेकवलाय.”

“आता थांबा.”

“किती?”

“तो सांगेल.”

पहिला आठवडा नुसत्या पाण्यावर गेला. त्यांना दोनदा चावे बसले. एक उंदीर त्यांच्या बाहीत शिरला आणि कोपरातून बाहेर आला. मला हात पुढे करता येत नव्हता, म्हणून मी नुसताच “डावीकडं, डावीकडं” म्हणत होतो. पण दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी थेंब टेकवला, थांबल्या, आणि तो निमूट आत गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी पुन्हा नेहमीसारख्या बोलायला लागल्या. म्हणजे जवळजवळ नेहमीसारख्या. वही मात्र त्या स्वतःजवळ ठेवायच्या.

खरा प्रयोग पुन्हा शुक्रवार ते सोमवार झाला. रविवारी मला यायची गरज नव्हती, तरी मी गेलो. आईनं टपरीवर चुलत बहिणीला बसवलं होतं. नाकवाल्यांतली एक मादी आधीच आडवी झाली होती. अंग गार, पाय ताठ, डोळे अर्धे उघडे. मॅडम म्हणाल्या, “ही जाणार.” तरी त्यांनी तिलाही थेंब दिला. तिच्यात श्वास ओढायचं बळ थोडंच होतं, त्यामुळे थांबणं फार लांबलं. मी मागे हात बांधून उभा. दोन नाकपुड्यांना किती वेळ लागला ते मोजलं नाही, पण कॉफी पार गार झाली.

सोमवारी सकाळी ती उठून बसली होती. मंगळवारी तिनं दाणा खाल्ला. बुधवारी ती पिंजऱ्याच्या झाकणाला उलटी लटकून माझ्या बोटाला चावली. चावा चांगला खोल होता. मला इतका आनंद झाला की मी मॅडमना बोट दाखवायला पळत गेलो.

सगळे वाचले नाहीत. सुईवाल्यांइतकं नाकवाल्यांचं बरं झालं नाही, पण नुसतं जेल दिलेल्या पिंजऱ्यापेक्षा फारच बरं झालं. मॅडमनी तेवढंच लिहिलं, वाढवून काही नाही. ठरलेल्या दिवशी वाचलेल्यांनाही मारावं लागलं, कारण मेंदू कापून बघायचा असतो. ती मादीही त्यात होती. आधी तिला गुंगी दिली. धरायला मला परवानगी मिळाली. माझ्या हातात ती मऊ आणि गरम होती, आणि त्यावर मला कोणताही विनोद सुचला नाही.

आता मॅडम डॉक्टरेट घेऊन दुसऱ्या शहरात शिकवतात. सर्दी असलेल्या उंदरांवर काय होतं, याचं त्यांनी तिथे काम सुरू केलं आहे. उंदराला सर्दी कशी आणायची हाच अजून मोठा प्रश्न आहे म्हणतात. तो थेंब माणसाच्या नाकापर्यंत पोचलेला नाही. बहुधा बरीच वर्षं पोचणार नाही, कदाचित कधीच नाही. आई अधूनमधून विचारते, “निगालं का तुमचं औषध?” मी न्हाई म्हणतो. ती म्हणते, “उंदरांचं तरी बरं चाललंय न्हवं?”

माझी बंदी वर्षभरानं उठली. आता नव्या मुलामुलींना उंदीर धरायला मी शिकवतो. पहिल्या दिवशी त्यांना नळी देत नाही. नुसता उंदीर हातात देतो आणि त्याचा श्वास सरळ होईपर्यंत गप्प उभं राहायला सांगतो. बहुतेकांना ते फार अवघड जातं. वही भरायची वेळ आली की मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहतो, आणि त्यांना ते आवडत नाही हे मला दिसतं.